गौस माहुताचे चाळीस दिवस

गौस माहुताचं वाटोळं मी केलं, माझ्या ह्या जिभेनं. मी गुंडू. महाराजांचं राज्य होतं तवा कोल्हापुरात हत्तीखान्यात वैरण टाकायचो.

गौसचाचानं गुलाबकळी हत्तीण बावीस वर्सं सांभाळली. स्वतःला मूलबाळ न्हवतं. घरात भाकरी झाली की पयला घास हत्तिणीचा. लालबीचाची करवादायची, "माझ्या उरावर सवत आणून बसवलीया!" आणि भाकरीला गूळ तीच लावून द्यायची.

गुलाबकळी पोट फुगून मेली. चाचा घरात बसला, चाळिसावा होईस्तोवर. त्यांच्यात माणसाचं करत्यात तसं. लोक हसली. मी न्हाय हसलो.

चाळिसावा झाला आणि हुकूम निघाला: हत्तीण न्हाय तर माहूत कशाला, जागा मोडली. पण कायदा बरा होता. सरकारनं जागा मोडली तर माहुताला मरेस्तोवर अर्धा पगार, आपणहून काम सोडलं तर फुटकी कवडी न्हाय. चाचाचा गुडघा गेलता, चाचीला दिसंनासं झालतं. त्या अर्ध्या पगारावरच त्यांची चूल पेटायची होती.

चाचानं त्याच्यासाठी अर्ज केला, तवा चौकशीला कारकून आला. मला म्हणाला, "हत्तीण मेल्यावर गौस कामावर येत होता का?"

चाचाची माया ह्याला कळू दे, असं वाटलं मला. छाती फुगवून बोललो, "छ्या! चाळीस दिस उंबरा ओलांडला न्हाय सायेब. असं जीव लावणारं माणूस हाय त्ये!"

कारकुनानं लिहिलं: हुकमाआधीच काम सोडले, अर्ज नामंजूर. करायला गेलो गणपती, झाला मारुती! मी त्याचं पाय धरलं. तो म्हणाला, "आजारी होता म्हणून वैद्याचा दाखला आण, मग बघतो."

तसाच पळत चाचाकडं गेलो. रडत रडत समदं सांगितलं.

चाचा म्हणाला, "आजारी कुठं होतो रं गुंडू? माझी पोर मेलती. तिच्या मरणाला ताप म्हणू व्हय?"

"आरं चाचा, खाशील काय मग?" मी वरडलो.

चाची चाचपत उठली. "त्याच्यावर वरडू नगंस. उपाशी आलायस न्हवं?" टोपल्यातली भाकरी काढली, गूळ लावला आणि पयला घास मोडून माझ्या हातावर ठेवला.

तो घास गुलाबकळीचा होता. मी खाल्ला, रडत खाल्ला.