वीतभर खळं

जेवण उरकून चांगुणा मिठागरावरच्या खोपीत आडवी होते, तेव्हा तिच्या पोटात कसं गार गार वाटत असतं. सकाळीच तिनं सूर्याला पडलेलं खळं पाहिलंय. आईनं शिकवल्याप्रमाणे हात लांब करून, वीत ताणून अंगठ्यानं सूर्य झाकला, तर करंगळी बरोबर खळ्याच्या कडेला टेकली. आतून तांबूस, बाहेरून निळसर, आणि दोन्ही अंगांना दोन खोटे सूर्य. म्हणजे उद्या-परवा पाऊस. बाहेर हसुराम मुकादमाच्या मिठाच्या राशी उघड्या पडल्यात आणि चांगुणेनं तोंडातून ब्र काढलेला नाही. विरघळू दे मेल्याचं सगळं!

डोळा लागतो न लागतो तोच तिची आई बामी आत येते. बामीला जाऊन तीन वर्षं झाली, पण लुगडं तेच, गुडघ्यापर्यंत चिखल तोच.

"जेवलीस?"

"जेवले. आये, खला परलाय. मी कोनाला सांगितला नाय."

"मंग मी येवढ्या लांबून कनाला आले?"

खोप आता घरची चूल आहे. गुडघाभर खारं पाणी साचलंय, तरी जाळ पेटलेलाच. तव्यावरच्या भाकरीभोवती तेच रंगीत कडं फिरतंय. आई भाकरी उलटते.

"त्या साली मी बी खला बगितला, हसुरामाच्या कानात सांगितला. चारचौघांत मुकादमाला कनाला शिकवायचा, म्हनून. तो हसला. मीठ गेला तवा सगल्यांना बोलला, बामीच्या काल्या जिभेनं पाऊस आनला."

सगळ्यांनी ते खरं मानलं. कामावर घेणं राहिलं बाजूला, तिला कुणी उंबऱ्यातही उभं केलं नाही. दिवाळीच्या आत ती झुरून गेली.

"म्हनून त गप बसले," चांगुणा म्हणते.

"गप बसलीस त सुटला तो. बोलंल, अवचित आला पाऊस, कोन काय करनार?" आई तिचं मनगट घट्ट धरते. दोघी बांधावर उभ्या आहेत आणि बांधाखाली नुसतं आभाळ आहे. "सगल्यांच्या म्होरं बोंब मार. त्यानं झाकला त माजी जीभ खरी. नाय झाकला त त्यानंच बुडवला. दोनी बाजूंनी नाक कापतंय त्याचा."

आणि आई हसते. असं दात दाखवून हसताना चांगुणेनं तिला जिवंतपणी कधी पाहिलं नव्हतं. तिला ते फार आवडतं.

जाग येते. जेवणाआधी घासून धुतलेल्या मनगटावर मिठाची पाच बोटं उठलीत, पांढरी, कोरडी. चांगुणा ती पुसत नाही.

बाहेर वीसेक माणसं चहा पितायत, मध्ये हसुराम. चांगुणा बांधावर चढते.

"हसुराम मुकादम! मी बामीची पोर बोलतंय, सगल्यांनी ऐका! सूर्याला खला परलाय. पाऊस येल. मीठ झाक!"

कप हातातच राहतात. एक म्हातारी डोळ्यांवर हात धरून वर बघते, मग दुसरी, मग सगळेच.

हसुराम हसतो. त्याच्याबरोबर कुणीच हसत नाही.