गाडीच्या नाकावरचा फेटा

ये बाई, अशी जवळ ये. कागदावर लिहितेय म्हणून काय झालं, सोप्यात माझ्या शेजारी बसलीयस असं समज. आणि आधी तुझा कान पकडू दे. मावशीला असं लिहितात व्हय? "मावशी, हट्ट सोड, ती गाडी आता भंगारात घाल." घरच्या ग्रुपवर, सगळ्यांच्या देखत, आणि खाली हात जोडल्याचं चित्र! पुण्यात बसून तू माझ्या गाडीचं मरण ठरवलंस, ते कुणाच्या सांगण्यावरनं? माझ्या लेकाच्या. त्यानं लिहिलं, "दसऱ्याला आईची गाडी रस्त्यात बंद पडली," आणि तू मान डोलावलीस. ती का बंद पडली, हे विचारलंस का कुणाला? आता ऐक.

गाडी जुनी आहे, हे मी कधी नाकारलं? मीटरनं दोन लाख कधीच ओलांडले. तुझे काका गेल्यावर राजारामपुरीच्या गल्ल्यांतनं, रिक्षावाल्यांची बोलणी खात मी ती चालवायला शिकले. तेव्हापासनं दर शनिवारी कुरुंदवाडला तुझ्या आईकडं, माझ्या आक्काकडं जाते. आक्काचा गुडघा वाकत नाही, एसटीची पायरी तिला चढवत नाही. ह्या गाडीत मात्र पुढचं सीट पार मागं सरकवलं की ती आधी बूड टेकते, मग एकेक पाय हातानं उचलून आत घेते. मग आम्ही दोघी डॉक्टरकडं जातो, बाजाराला जातो, कधी नुसतंच नदीपर्यंत जाऊन येतो. लेक म्हणतो, भाड्याची गाडी कर. केली होती एकदा. आक्का बसेपर्यंत तो ड्रायव्हर घड्याळ बघत बसला. त्यानंतर आक्का म्हणाली, "मी घरातच बरी." माझी गाडी गेली की आक्का उंबऱ्याच्या आत गेली, एवढं सरळ आहे ते.

म्हणून मी गाडी जपते. जपते म्हणजे नुसती पुसून ठेवते असं नव्हे. ऑइल मुदतीच्या आधीच बदलून घेते. सकाळी इंजिन गार असताना कूलंट उतरलंय का ते बघते, आणि त्यात नळाचं पाणी कुणाला ओतू देत नाही, आतनं गंज धरतो. रबरी पाइप बोटांनी दाबून बघते. वाळक्या दोडक्यागत कडक लागला की बदलायचा, फुटेपर्यंत थांबायचं कशाला? उसाच्या हंगामात ट्रॉल्यांतनं पाचट उडतं, ते पुढच्या जाळीतनं आत शिरून रेडिएटरला चिकटतं. तेही मी रंगाच्या जुन्या ब्रशनं हळू झाडून काढते. त्या जाळीतनं वारा आत जातो, त्या वाऱ्यानं इंजिन गार राहतं. गाडीचं नाकच ते.

यंदा गाडीला पंधरा वर्षं झाली, म्हणजे पुन्हा पासिंग करून घ्यायचं. दसऱ्यानंतर तपासणीला न्यायची होती. ब्रेक, दिवे, टायर, धूर, सगळं मी बघून ठेवलेलं. आणि खंडेनवमीला लेक-सून पुण्याहून आली.

"आई, पासिंग कशाला करत बसतीस? मी गिऱ्हाईक बघितलंय. दसरा झाला की येतंय."

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तू न्हाईच म्हणाली असतीस की."

बघ! हे उत्तर!

खंडेनवमीला गाडी धुऊन पूजा करायची, चाकाखाली लिंबू ठेवायचं, हे तुला सांगायला नको. पण माझ्या लेकाला त्या दिवशी निरोपाचं प्रेम दाटून आलं. "शेवटचा दसरा हाय हिचा, थाटात करूया." कुठंतरी ट्रॅक्टरला फेटा बांधलेला त्यानं बघितला होता. गेला आणि चांगला लांबलचक भगवा फेटा घेऊन आला. बॉनेटच्या कडेपासनं खाली अख्ख्या जाळीवरनं पिळे देत घट्ट बांधला, वर झेंडूची मनगटाएवढी माळ. सून म्हणाली, "नवरदेव दिसतोय." मलाही हसू आलं. फोटो निघाले. तू त्याला बदाम टाकलास, मी बघितलंय.

दुसऱ्या दिवशी आक्काला सोनं द्यायला निघताना मी म्हटलं, "आता सोड तो फेटा. जाळी झाकलीय."

"असू दे की. मावशीला दाखवू."

"अरं, तिचं नाक बांधलंयस तू."

"एका दिवसानं काय होत न्हाय. तू मागं बस निवांत."

माझ्याच गाडीत मला मागं बसवलं. एसी लावला, आणि गाडी अशी पळवली की जणू मागं कुणी लागलंय. हातकणंगल्याच्या पुढं त्याच्या खांद्यावरनं मला इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा दिसला. एरवी मध्यावर असतो, तो वर चढत होता.

"एसी बंद कर. गाडी कडेला घे."

"आई, तू मागं बसून पण गाडी चालवतीस."

"काटा बघ की!"

"जुन्या गाडीचा काटा, त्याचं काय खरं."

"थांबवतोस, का दार उघडू?"

तेव्हा कुठं थांबला. बॉनेटखालनं वाफ यायला लागली होती. एक मोटरसायकलवाला थांबला, मागं त्याची बायको, मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी.

"काय पावणं, तापली व्हय?"

"म्हातारी झालीया ओ," माझा लेक म्हणतो!

"मग काढून टाका की. भंगाराला बी भाव हाय आता."

"तुमचा गुडघा दुखला तर तुम्हाला बी भंगारात घालू काय?" मी विचारलं.

मागनं त्याची बायको म्हणाली, "घालाच काकू, मी आणून सोडते." माझ्या हातावर सोनं ठेवलं आणि हसत गेली.

इकडं लेक रेडिएटरचं टोपण उघडायला निघाला. मी ओरडले, "हात लावू नको! उकळतं पाणी तोंडावर येईल. गार होऊ दे आधी."

"मग मी काय करू?"

"फेटा सोड."

सोडला. आतला कपडा इस्त्री केल्यागत गरम, झेंडू शिजलेला. इंजिन पुरतं गार झाल्यावर डिकीतल्या कॅनमधलं कूलंट मी घातलं आणि चावी मागून घेतली. कुरुंदवाडपर्यंत काटा मध्यावरनं हलला नाही. आक्कानं विचारलं, "उशीर का गं?" मी म्हटलं, "तुझ्या भाच्याला विचार."

मला राग गाडी तापल्याचा नाही आला, बाई. नाक ह्यांनी बांधायचं आणि दोष वयाला द्यायचा, ह्याचा आला. माझंही तेच चाललंय. त्याच मुक्कामात माझा चष्मा सापडेना, तर लेक म्हणाला, "आई, आता तू विसरतीस." चष्मा त्यानंच फ्रिजवर ठेवलेला! जुनं दिसलं की ह्यांची चौकशी संपली. पुढं कुणी काही बघतच नाही.

गिऱ्हाईक आलं दुसऱ्या दिवशी. गाडी चालू केली, कान लावला, खाली वाकून बघितलं. म्हणाला, "मावशी, इंजिन झकास हाय की. विकताय कशाला?"

"मी कुठं विकतेय? ह्यांना विचारा."

लेक फेट्याची घडी घालत होता. वर बघेना. गिऱ्हाइकाला चहा पाजला आणि वाटेला लावलं. पुढच्या आठवड्यात मी स्वतः गाडी तपासणीला घेऊन गेले आणि ती पास झाली. ग्रुपवर ही बातमी आली का? नाही. फेट्याचं तर अक्षर नाही. "रस्त्यात बंद पडली" एवढंच अजून सगळ्यांच्या तोंडी आहे. म्हणून हे लिहायला बसले.

आता तूच ये आणि बघ. शनिवार धरून ये, स्टँडवर मी घ्यायला येते. पुढचं सीट आक्काचं, तू मागं बसायचं आणि माझं चालवणं बघायचं. आक्का दर वेळी गाडीत बसता बसता विचारते, "पोरगी कधी येणार गं?" मी तिला दर वेळी काय सांगू? लवकर ये बाई.