फणसाला बांधलेली तार

जांबोटीहून पुण्याला निघालो त्या दिवशी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ट्रंक बसमध्ये चढवली, खिडकीशी आले आणि एवढंच म्हणाले, "पोचलास की कळीव." तुमच्यापैकी जे गाव सोडून गेले त्यांनाही असंच काहीसं सांगितलं गेलं असेल. आता उलट झालंय. कळवायचं त्यांनी आणि वाट बघायची मी.

पुण्यात नोकरी लागली, फ्लॅट झाला आणि हॅम रेडिओचा नाद लागला. सरकारी परीक्षा, परवाना, स्वतःचं कॉल साइन, म्हणजे हवेतलं आपलं नाव. मग आपल्या सेटवरून थेट दुसऱ्या हौशी माणसाशी बोलायचं, मध्ये टॉवर नाही, कंपनी नाही. आई गेल्यावर आप्पा एकटे पडले. पावसाळ्यात तिकडचा मोबाइल आठवडाभर मुका असतो, म्हणून त्यांनाही परीक्षेला बसवलं. बेळगावला जाऊन ते पास होऊन आले. घरामागच्या उतारावर दोन फणस आहेत. त्यांच्यामध्ये अँटेना म्हणून वीस मीटर तार टाकली, दोन्ही टोकांना काथ्याची दोरी, टेपनं मोजून, मध्ये थोडा झोळ ठेवून. रोज सकाळी चहाच्या वेळी आमचं बोलणं होई: पाऊस, गुरं, भात. हौसेतली इतकी सुखाची गोष्ट मला दुसरी माहीत नाही.

यंदा पाऊस लागल्यावर आप्पा म्हणाले, दोरी ताणतेय. काथ्या भिजला की आखडतो, सैल करा, असं मी सांगितलं. त्यांनी केली. पंधरवड्यात ती पुन्हा ताणली. पुन्हा सैल केली. मग तारच तुटली, तेव्हा त्यांनी खापर माकडांवर फोडलं आणि ती जोडून घेतली. मला हे पटेना. भिजलेली दोरी एकदा आखडेल, दर पंधरवड्याला नाही. दोरीत दोष नसेल तर उरतात ती झाडं, आणि झाडांखालची जमीन.

मग एका सकाळी आप्पांचा माइक उशीखाली दबला असावा. माइकवरचं बोलायचं बटण दाबलेलं असलं की त्या माणसाला आपलं काहीच ऐकू जात नाही, आपल्याला मात्र त्याचं घर ऐकू येतं. आधी पाऊस आला, मग शेजारच्या शांताक्काचा आवाज.

"आप्पा, गोठ्यामागची चीर बघितलासा? हात जातोय आत. पोराला सांगा की."

"न्हाय गं. सांगितलं की गाडी घिऊन येतंय, अन् मला तिकडच्या खोक्यात बसवतंय."

"अन् डोंगुर खाली आला म्हंजे?"

"तार ताणली की कळतंय मला. दोनदा सैल केलीया."

मी इकडं बटण दाबून हाका मारत होतो. आप्पा खोकले, शांताक्काला चहा घे म्हणाले, आणि बॅटरी उतरत गेली तसा आवाज विझत गेला.

त्याच सकाळी निघालो. निपाणी, बेळगाव, पुढं बस नव्हती म्हणून बराच रस्ता पायी. चीर पाहिली. खालचा फणस वरच्यापासून अंगणाच्या एका फरशीइतका लांब सरकला होता. मी कागदावर टिपलेली चिरेची मापं, पुण्यातली रिकामी खोली, कशाचाच उपयोग झाला नाही. शेवटी शांताक्कानं त्यांना झापलं, "तुम्ही मेलासा तर गुरं कोण बघायचं? माज्याच गळ्यात की." त्यावर ते हसले आणि गुरांसकट तिच्या सपाटावरच्या घरी गेले. सेटही तिकडं नेला, नवी तार बांधली. मी परत आलो.

सकाळी त्यांचा आवाज येतो. परवा मी विचारलं, खाली घराकडं जात नाही ना? म्हणाले, "सांजचं दिवा लावाय जातो. बंद घर बरं दिसत न्हाय रं."

पाऊस अजून सरलेला नाही. आमच्या या लहरींचा एक स्वभाव आहे. दिवसा त्या जवळच्या गावांना जोडतात. अंधार पडू लागला की जवळच्यांना ओलांडून दूर जाऊन उतरतात. दिव्याच्या वेळी मी सेट लावून बसतो. समुद्रापलीकडची माणसं शेजारी बसल्यासारखी बोलत असतात. ज्या घरात त्या वेळी आप्पा काडी ओढत असतील, तिथलं मला काहीच ऐकू येत नाही. घर म्हणजे माझ्यासाठी आता तेवढी शांतता आहे, सकाळपर्यंतची.