शमाभाभींनी रंगवलेली दारं

रुबीनाचा फोन आला तेव्हा मी सांगलीतल्या आमच्या गच्चीवर कुरडया उलटत होते. "काकू, अम्मी गेली," एवढंच ती म्हणाली, आणि मग बराच वेळ आम्ही दोघींनीही फोन ठेवला नाही. शमाभाभी पहाटे नमाजासाठी उठल्या, छातीत कळ येतेय म्हणाल्या, भिंतीला टेकून बसल्या आणि त्या बसल्याच. मी कुरडया तशाच टाकून साताऱ्याची एसटी धरली. पोचले तेव्हा घर बायकांनी भरलेलं होतं आणि रुबीना सगळ्यांना पाणी देत फिरत होती. मला बघून ती थांबली, हातातला तांब्या खाली ठेवला आणि मग माझ्या गळ्यात पडून रडली. या घरात ही मुलगी चारचौघांत कधी वावरेल असं एके काळी कुणाला वाटलं नव्हतं. ती गोष्ट शमाभाभींनी कधीच कुणाला सांगितली नाही, म्हणून आता मी सांगते.

आम्ही सांगलीला येण्याआधी साताऱ्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. माझे मिस्टर फौजेत, वर्षातले बरेच महिने बाहेर. दोन लहान पोरं घेऊन मी त्या गल्लीत राहायला आले तेव्हा सामान लावून व्हायच्या आत भाभी भाकरी आणि अख्खा मसूर घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांचं माहेर सांगलीकडच्या कुंडलचं, त्यामुळं निम्मं आयुष्य साताऱ्यात काढूनही बोलणं कुंडलचंच राहिलं. "आवं वैनी, फौजीची बायकू म्हंजे निम्मी फौजी, पर जेवाय तर लागतंच की," अशी आमची ओळख झाली. त्यांचे मालक इब्राहिमभाई यांचं गाद्या-उशांचं दुकान होतं. माणूस अबोल. रुबीना ही एकुलती एक मुलगी, अभ्यासात हुशार. तिचं डी.फार्म चालू असतानाच चांगलं स्थळ आलं म्हणून लग्न करून दिलं आणि शिक्षण अर्ध्यावर राहिलं.

ते लग्न टिकलं नाही. एका दुपारी रुबीना एका बॅगेनिशी परत आली आणि मागच्या खोलीत जाऊन तिनं आतून कडी लावली. तिकडं काय घडलं ते तिनं सांगितलं नाही, भाभींनी खोदून विचारलं नाही, म्हणून मीही इथं लिहीत नाही. जेवणाचं ताट ती दार किलकिलं करून आत घ्यायची आणि रिकामं ताट तसंच बाहेर ठेवायची. नातेवाईक भेटायला म्हणून यायचे आणि त्या बंद दाराबाहेर बसून, आत ऐकू जाईल अशा आवाजात हळहळायचे. भाभींनी हळूहळू सगळ्यांचं येणं बंद केलं. पण त्या स्वतःही वाळत चालल्या होत्या. दिवसभर त्या दाराकडं बघत बसायच्या…

आणि अशाच बघता बघता एक दिवस त्यांना ते दार दिसलं. म्हणजे नुसतं दार. तपकिरी ऑइल पेंटचे पापुद्रे सुटलेले, कडीभोवती हातांचा मेणचट डाग. मग घरातली सगळीच दारं तशी दिसायला लागली. इब्राहिमभाई म्हणाले, पेंटर बोलावतो. भाभींनी ठाम नकार दिला. परका माणूस आठ दिवस घरात फिरणार, चहा पिता पिता त्या खोलीत कोण हाय म्हणून विचारणार, पोरगी आणखी आत जाणार. त्यापरीस मी रंगवते, म्हणाल्या. भाभींनी आयुष्यात कधी ब्रश हातात धरला नव्हता. दिवाळीला आमच्या उंबऱ्याला गेरू लावायचा तर तोही त्यांनी मला बसून शिकवायला लावला होता आणि निम्मा स्वतःच्या ओढणीला लावून घेतला होता.

पहिलं दार स्वयंपाकघराचं. त्यांनी डबा उघडला आणि वर्षानुवर्षं फोडणीचं तेल बसलेल्या त्या दारावर थेट रंग फासला. दिसायला पहिल्यांदा झकास दिसलं. मग वरून खाली ओघळ सुटले. संध्याकाळी मांजर आत येऊ नये म्हणून दार लावून घेतलं आणि सकाळी ते चौकटीला असं चिकटलं, की इब्राहिमभाईंना खांद्यानं ढकलावं लागलं. चौकटीवरचा रंग सोलून दाराबरोबर आला. मी धावत गेले तर भाभी तिथंच फरशीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. कितीतरी आठवड्यांनी त्या घरात कुणीतरी हसत होतं. इब्राहिमभाईसुद्धा खांदा चोळत हसले.

मग रंगाच्या दुकानात जाऊन त्यांनी नीट विचारून घेतलं. आधी सोड्याच्या पाण्यानं तेलकटपणा धुवायचा, पॉलिश पेपरनं घासायचं, खड्डे लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरायचे, ती वाळली की परत घासायचं, मग प्रायमर आणि त्यावर रंगाचे पातळ हात. एक हात पुरता वाळल्याशिवाय दुसरा नाही. आणि तोवर दार लावायचं नाही. तोंडाला ओढणी बांधून भाभी दुपार-दुपार घासत बसायच्या. मी दार धरायला जायचे. स्वयंपाकघराचं दार पुन्हा केलं, मग कोठीचं, मग मधल्या खोलीचं. त्यावर ब्रशचे केस चिकटायचे, कडेला जाड थर राहायचे, पण प्रत्येक दार आधीच्यापेक्षा बरं होत गेलं. एकदा घासण्याचा आवाज चाललेला असताना मागच्या खोलीतून रुबीनानं विचारलं, हा आवाज कसला? भाभींनी हात न थांबवता सांगितलं, दार घासतेय. एवढंच. पण माझ्याकडं बघून त्यांनी डोळे मिटून घेतले.

शेवटी तेच एक दार उरलं. मायलेकी घरात त्यांच्या बोलीत बोलायच्या, मी माझ्या मराठीत लिहिते. भाभी दाराशी बसून म्हणाल्या, "रुबी, तुझं दार रंगवायचं आहे. वाळेपर्यंत ते लावता येणार नाही. तुला चालत असेल तरच."

मग भाभीच म्हणाल्या, "नको असेल तर राहू दे. दार तुझं आहे." आणि उठून भाजी चिरायला बसल्या.

मला काही राहवेना. स्वयंपाकघरात जाऊन मी हळूच म्हटलं, एवढं आलंय तर जरा जोर लावायचा होता. भाभी म्हणाल्या, "वैनी, जोर लावून एक दार उघडलं व्हतं ना. निम्मा रंग सोलून आला."

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. गेले तर तिला संकोच वाटेल म्हणून. त्याच्या पुढच्या दिवशी भाभींनी भिंतीवर थाप मारून मला बोलावलं. मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं आणि रुबीना, केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं, पॉलिश पेपर घेऊन खालची फळी घासत होती. बाकीची दारं बदामी होती. तिला बदामी नको होता. तिनं कैरीच्या आतल्या गरासारखा फिकट हिरवा सांगितला. "सगळ्या घरात एक येगळं दार असलं म्हणून काय बिघडतंय," भाभी मला म्हणाल्या आणि डबा आणायला स्वतः गेल्या. रंग वाळेपर्यंत आतलं दिसू नये म्हणून त्यांनी चौकटीवर एक जुनी चादर अडकवली.

एका दारानं सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही. रंग वाळल्यावर रुबीनानं दार परत लावून घेतलंच. फक्त कडीचा आवाज आला नाही. पुढं ती ताट घेऊन स्वयंपाकघरात यायला लागली, मग आमच्या गच्चीवर, मग एक दिवस कॉलेजात चौकशी करायला. वाईट दिवसही मधूनमधून यायचे. तेव्हा भाभी घरातली एखादी खिडकी रंगवायला काढायच्या. रुबीनानं डी.फार्म पुरं केलं. आज ती साताऱ्यातच औषधांच्या दुकानात काम करते आणि म्हाताऱ्या माणसांना कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, ते न कंटाळता सांगते.

भाभींच्या पश्चात, जरा बदल म्हणून, गेल्या आठवड्यात इब्राहिमभाईंनीच तिला बळेबळे माझ्याकडं सांगलीला पाठवलं. एका दिवसासाठी म्हणून आली. आमच्या आतल्या खोलीचं दार पावसाळ्यात फुगून, पापुद्रे सुटून पडलंय, त्यावरून तिनं सवयीनं नख फिरवलं. मी म्हटलं, मला शिकव. बाजारातून सामान आणलं आणि आम्ही बसलो. माझा ब्रश जड पडायचा, ओघळ यायचे. ती मागून माझं मनगट धरून ब्रश हलका करायची. दुसऱ्या दिवशी दुपारी रंगाचा पहिला हात झाला. चहा झाल्यावर ती उठली, बिजागरीजवळ, जिथं कुणाचं लक्ष जात नाही, तिथं करंगळीची उलटी बाजू टेकवली आणि बोट नाकाशी नेलं. वास गेला की वाळला, असं अम्मी म्हणायची, तिनं सांगितलं.

"मग? वाळला?"

"अजून नाही, काकू." तिनं बोट फडक्याला पुसलं आणि भरून ठेवलेल्या बॅगेतून उद्यासाठी कपडे परत बाहेर काढले.