मेलेलं बोट

कुजलेल्या जखमेचा वास आला की तलावाकाठच्या गावातला तो छोटा सरकारी दवाखाना आठवतो आणि माझं डोकं आजही फिरतं. मी तिथे नर्स होते. मासे धरताना नवऱ्याच्या पायाच्या बोटात काटा रुतला, म्हणून एक बाई त्याला तीन दिवसांनी घेऊन आली. दोघांच्या कपड्यांना मासळीचा वास होता. बोट काळंनिळं आणि गार पडलं होतं. "साहेब, हे बोट मेलं जी," ती म्हणाली. "सुई टोचली तरी याले समजत नाई." डॉक्टर हसले. "माणूस जिवंत आहे ना बाई, मग बोट कसं मरेल?" मलम आणि गोळ्या देऊन त्यांनी दोघांना घरी पाठवलं. चार दिवसांनी ती त्याला ऑटोत घालून परत आली, तेव्हा वास दारातूनच आला; काळेपणा घोट्यापर्यंत चढला होता. डॉक्टरांनी कागदावर ‘नेक्रोसिस’ लिहिलं आणि पाय कापायला चंद्रपूरला पाठवलं. "सिस्टर, हे का लिहून राह्यले?" तिनं मला विचारलं. मी सांगितलं, ग्रीक शब्द आहे, नेक्रोस म्हणजे प्रेत, मेलेलं. ती म्हणाली, "मंग मी का सांगितलं होतं?" आता मी नर्सिंगच्या मुलींना हाच शब्द शिकवते आणि दर वेळी त्या डॉक्टरवर चिडते. मुलींना एवढंच सांगत नाही, की त्या दिवशी त्याच्या शेजारी उभी राहून मीही हसले होते.