मशीन थांबली की रत्ना जायची

"बेन, एक लाइनमां लखी आपो. बाई फिट छे के नथी?" शेठना एका ओळीत लिहून हवं होतं; ते दुसऱ्यांदा विचारत होते.

सुरतेतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. म्हणजे औषधं लिहीत नाही, लोकांचं ऐकते. निदान ऐकते असा माझा समज होता. समोर शेठ, बाजूला रत्ना आणि तिचा नवरा नामदेव. दोघं खान्देशातले, राहायला गोडादऱ्यात, कामाला शेठच्या लूमच्या कारखान्यात. तो लूम चालवायचा, ती बॉबिन भरायची, म्हणजे कांडीवर सूत गुंडाळायची.

"काम अच्छा है बाई का," शेठ म्हणाले. "लेकिन बीच में खंभे जैसी खड़ी हो जाती है. कल मशीन में हाथ गया तो?"

त्यांचं चुकत नव्हतं. चार महिन्यांपूर्वी तिथेच रत्नाची जाऊ सिंधू हिचा पदर मशीनच्या पट्ट्यात अडकला होता. हात मोडला, जीव वाचला, सिंधू गावी गेली. रत्ना दुसऱ्या दिवशी कामावर हजर. त्या दिवसाचं तिला फारसं आठवत नव्हतं. "सिंधू हाका मारे, आन मी नुसती उभी," एवढंच ती सांगायची, तेही मान खाली घालून.

मी 'अनफिट' लिहिलं असतं तर तिचं काम जाणार होतं आणि सासरचे तिला गावी नेणार होते. दोन्ही मुली इथल्या शाळेत. "बाई, माले गावले धाडू नका," ती म्हणाली. "पोरी आठे शेतस."

मेंदूच्या डॉक्टरांनी मिरगी नाही असा रिपोर्ट दिला होता. उरलं ते डिसोसिएशन. शेठना समजेल असं सांगितलं, "घरात करंटचा लोड फार झाला की एमसीबी पडतो ना? वायरिंग जळू नये म्हणून. मनाचंही तसंच. लढता येत नाही, पळता येत नाही, असं काही समोर आलं की मन स्वतःला बाजूला काढतं. माणूस उभा असतो, पण तिथे नसतो. नंतर त्याला आठवतही नाही. आणि एकदा सवय लागली की त्या प्रसंगाची नुसती आठवण करून देणारी गोष्टही पुरते."

शेठनी मान हलवली. नामदेव मात्र म्हणाला, "बाई, मशिनं बंद व्हयनात की हाई अशी व्हस."

मशीन बंद झाली की काम संपलेलं असतं, माणूस दमलेला असतो. मी केसपेपरवर लिहिलं: थकवा. लूमच्या खडखडाटात माझं डोकं दोन मिनिटांत दुखायला लागतं, तेव्हा सगळा दोष मी त्या आवाजाला दिला. सहा आठवडे सुट्टी, आराम, शांत जागा. 'शांत' या शब्दाखाली रेघसुद्धा ओढली. शांत जागा म्हणजे गावच; सहाच आठवडे म्हणून रत्ना कशीबशी तयार झाली, मुली नामदेवजवळ राहिल्या.

तिसऱ्याच आठवड्यात नामदेव तिला घेऊन परत आला. गावी ती दिवसातून पाच-सहा वेळा तशी उभ्या उभ्या 'जायला' लागली होती. एकदा अर्धा दिवस बांधावर सापडली, पायात चपला नाहीत. सासरच्यांनी भगत, म्हणजे मांत्रिक, आणला, आणि आता हिला गावातच ठेवा म्हणून धोशा लावला होता.

तो हे सांगत असतानाच दवाखान्यातली वीज गेली. एसी थांबला, पंखा थांबला. रत्नाचे डोळे माझ्यावरच होते, पण बघता बघता त्यांतलं कोणीतरी उठून गेलं. मी नाव घेतलं. हात हलवला. काही नाही. मग मागच्या अंगणात जनरेटर धडधडायला लागला, आणि ती म्हणाली, "काय सांगत व्हतात बाई?"

मी जुना केसपेपर काढला. नामदेवचं वाक्य त्यात नव्हतंच. माझाच शहाणपणा होता: थकवा. शरमेनं कान तापले. आवाज तिला त्रास देत नव्हता, आवाज तिला धरून ठेवत होता. आणि मी तिला खान्देशातल्या शांत शेतात पाठवून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेले. तिथे सगळे हाताच्या खुणांनी बोलतात, कारण ऐकू काहीच येत नाही. मी मास्तरला, म्हणजे तिथल्या देखरेख करणाऱ्याला, बाहेर ओट्यावर घेऊन आले.

"त्या दिवशी काय झालं?"

"एकदम सगळी मशीन बंद झाली. मेन स्विच खेचला ना!"

"कोणी?"

त्याने माझ्याकडे, ही कुठली डॉक्टरीण, अशा नजरेनं पाहिलं. "रत्नाने. और कौन? सगळ्यात आधी तीच धावली."

मी तिथेच सुताच्या पोत्यावर बसले. सव्वीस वर्षं हे काम करतेय, पण तेव्हा अंगावर सरसरून काटा आला. मन घाबरून निघून गेलं होतं, आणि ते नसताना तिचे पाय धावले, हाताने स्विच ओढला. मग जी शांतता पडली, तिच्यात सिंधूच्या हाका तिला ऐकू आल्या. तेवढंच तिच्याजवळ उरलं. ती शांतता तिनेच आणली होती, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, कारण ते तिला माहीत नसेल असं कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मला हात जोडावेसे वाटले. कोणाला, ते कळेना.

तिला हे मी सांगितलं नाही. तिला समोर बसवून सिंधूला फोन लावला, स्पीकरवर. रत्ना तिलाही तेच म्हणाली, मी नुसती उभी.

"येडी का तू?" सिंधू ओरडलीच. "तूनीच तं खटका वढा! नही तं मी आज बोलती का?"

रत्ना आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिली. मग खूप रडली. नामदेवही रडला, आणि मी पाणी आणायला म्हणून बाहेर गेले.

ती त्या दिवशी बरी झाली नाही. अडीच महिने लागले. आवाज थांबला की रिकामी बॉबिन मुठीत दाबायची, पाय जमिनीवर टेकलेत का बघायचं, आपलं नाव आणि जागा मोठ्यानं म्हणायची. आधी माझ्या खोलीत, मग कारखान्यात. शेठनी तर कमालच केली. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी सगळी मशिनं एकदम बंद न करता एकेक रांग करून बंद करायला लागले.

शेवटच्या शनिवारी मात्र मेन स्विचच ओढायचा ठरला. मास्तर पुढे झाला. रत्नाने त्याला हाताने मागे सारलं आणि म्हणाली, "मी वढस."

तिने ओढला. अख्खा कारखाना गप्प झाला. मी श्वास धरून तिचे डोळे बघत होते. ती तिथेच होती.

"बाई," ती हळूच म्हणाली, "पत्र्यावर कबुतरं बोली ऱ्हायनात. इतला दिवस माले आयकूच नही ऊनं."

शेठना त्यांचा एका ओळीचा कागद मिळाला: फिट. मुली त्याच शाळेत आहेत.

तेव्हापासून केसपेपरवर आधी समोरच्या माणसाचं वाक्य, त्याच्याच शब्दांत, लिहिते. खाली जागा उरली तर माझं मत.