पोळ्याच्या करीला, बाजाराच्या दिवशी

माझ्या जावयाइतका तारखेला भिणारा माणूस अख्ख्या परतूर तालुक्यात दुसरा न्हाई. लोक सापाला भितात, इंचवाला भितात, हा तारखेला भितो. माझी बायको आन् मी मिळून जे शेवटचं साधं काम केलं, त्या वक्ताला बी तो तिथंच होता. दुपारची वेळ, ओसरीवर भुईमुगाच्या शेंगांचा ढीग, एका बाजूला ती, एका बाजूला मी, आन् मधी जावई मांडीवर कॉम्प्युटर घेऊन. तो शेंगा फोडत न्हाई, फोडलेल्या खातो. तिनं सहज विचारलं, “बापू, तुम्ही सगळ्या दुनियेच्या तारखा सांभाळता, मंग मी कधी जन्मले तेवढं सांगा की.” त्याचा घास थांबला. त्यानं खुणा विचारल्या. तिला तिच्या आईनं सांगितलेल्या दोनच गोष्टी ठाऊक होत्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हंजे करीला, ती झाली, आन् त्या दिवशी गावचा बाजार होता. त्यानं दोन्ही लिहून घेतल्या आन् म्हणला, “काढतो मामी, सवडीनं.” चौथ्या दिवशी ती गेली. छातीत दुखतंय म्हणली, पाणी मागितलं, आन् मी पाणी आणेस्तोवर संपलं.

जावई आमच्याच घरी राहतो. लेक हितं आष्टीच्या शाळेत शिकवते, आन् ह्याचं काम कॉम्प्युटरवर, कुठंही बसून होतं. गाव त्याला घरजावई म्हणतं. त्याला त्याचा राग न्हाई, पण कोणी ‘सहाला येतो’ म्हणलं की राग येतो. सकाळचे का सांजचे, आपले का परदेशातले, सगळं विचारून घेतो. परदेशातल्या एका कंपनीचा प्रोग्राम तो लिहितो, आन् त्यात ह्याच्याकडं फक्त तारीख आन् वेळ. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, मला वाटलं हे काय काम झालं, भिंतीवर कॅलेंडर आहे. तर तो दोन तास समजावून सांगत बसला. त्याचा हाच गुण. एक विचारलं की दोन तास.

त्याच्या खोलीत तीन घड्याळं. एक आपलं, एक कंपनीच्या गावचं. तिसरं कुठलं म्हणून विचारलं तर म्हणला, हे कुठल्याच गावचं न्हाई, सगळ्या दुनियेच्या घड्याळांनी ह्याच्यावरून हिशोब लावायचा. ज्या घड्याळाला गाव न्हाई त्याला सेल कशाला पोसायचे, असं मी म्हणलं. पण बायकोला ते घड्याळ लई आवडायचं. ती पुसताना आधी तेच पुसायची.

तिकडच्या मुलखात वर्षातून एकदा घड्याळ तासभर म्होरं सारतात आन् एकदा मागं घेतात. ते दोन दिवस आले की जावई आजाऱ्यासारखा करतो, भाकरी मोडून नुसता बघत बसतो. मागं घेतलं की तोच तास दोनदा येतो म्हणं. बायको चुलीपुढून म्हणली, “मंग त्या वक्ताला कोणाला जुळी झाली, तर धाकटं थोरल्याच्या आधीचं ठरंल की.” जावई ताटावरून उठला आन् हात न धुता कॉम्प्युटरकडं गेला. तिची न् त्याची अशी जमायची. मला निम्मं कळायचं न्हाई, पण ऐकत बसावं वाटायचं.

कॉम्प्युटर म्हणं १९७० सालच्या एक जानेवारीपासून सेकंद मोजत येतो. त्याच्या आधीचं मी विचारलं, तर म्हणला, आधीचं उलटं मोजायचं, वजा. म्हंजे मी आन् बायको दोघं वजातली माणसं. हे मी चहाच्या टपरीवर सांगितलं, तर आठ दिवस माझ्या वयाची माणसं एकमेकाला वजा म्हणून हाका मारून राह्यली होती.

गावातल्या म्हाताऱ्यांचे कागद बघितल्यावर तर तो हबकलाच. माझी तारीख एक जून, शेजाऱ्याची एक जून, अख्ख्या आळीची एक जून. “मामा, एका दिवसात एवढी बाळंतपणं कोणी केली?” मी सांगितलं, सुईणीनं न्हाई, मास्तरानं केली. शाळेत नाव घालताना तारीख कोणाला ठाऊक नसायची, मंग मास्तर एक जून लावून मोकळा व्हायचा. जावयानं कपाळावर हात मारला. म्हणला, ठाऊक न्हाई ते रिकामं ठेवावं, खोटं भरू न्हाई. माणूस रिकामी जागा बघून विचारतो, भरलेली बघून विचारत न्हाई. त्याच्या धंद्यात ह्याच्याइतकं मोठं पाप दुसरं न्हाई.

आता बायकोचा फोटो करायचा होता. खाली नाव, जन्म आन् मृत्यू. फोटोवाल्यानं जन्मतारीख मागितली. आधार कार्डावर तिची एक जानेवारी, ती बी कोणीतरी ठोकून दिलेली. मी जावयाला म्हणलं, तिनं तुम्हाला विचारलं होतं, आता काढा. मला तिचा खरा दिवस पाहिजे. जिवंत होती तवर एकदा बी तिचा वाढदिवस केला न्हाई, निदान ठाऊक तरी असावा.

त्यानं काम बाजूला सारलं. मागच्या सत्तर-ऐंशी वर्षांतले पोळे काढले, करीला बाजाराचा वार कोणत्या सालात पडला ते काढलं. बरीच सालं निघाली. मंग आम्ही दोघं धावड्याला मेहुणीकडं गेलो, बायकोची थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो. जावयानं अक्काला इतकं विचारलं की तिचा चहा निवला. ती झाली तवा सूर्य उगवला होता का, हे बी विचारलं, तिथी त्याच्यावर ठरते म्हणं. अक्का म्हणली, “बाळंतपणात कोणी सूर्य बघत बसतं का रे बाबा? तू झालास तवा तुझ्या आईनं बघितला होता का?” पण तिनं एक खूण दिली. त्या साली धोंड्याचा महिना होता. त्यांचा बाप जावई म्हणून सासरवाडीला अनारसे खायला गेल्ता आन् पोट धरून आल्ता, म्हणून तिच्या ध्यानात राहिलं.

जावई खूश झाला. जादा महिन्याची सालं थोडीच. घरी येऊन हिशोब मांडला. दोन सालं उरली, तीन वर्षांच्या फरकानं. अक्काला विचारावं तर तिला स्वतःचंच वय धड ठाऊक न्हाई.

मी चिडलो. म्हणलं, एका बाईचे दोन जन्म कसे लिहू? तो म्हणला, रिकामं ठेवा मामा. मी त्याला नको ते बोललो. दुनियेच्या तारखा सांभाळतो आन् घरातल्या बाईची सांभाळता येईना, म्हणलं. त्या दिवशी मी जेवलो न्हाई. त्याच्या बी ताटातली भाकर तशीच गेली, लेकीनं नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो ओसरीवर आला आन् माझ्या हातात चिठ्ठी दिली. तीत एकच तारीख.

“निघाली मामा. ही बराबर आहे.”

“कशावरून?”

“हिशोबात सापडली.”

एवढंच बोलला. मी वाट बघितली. एका घड्याळावर दोन तास बोलणारा माणूस, मामीच्या जन्मावर दोन शब्दांत आटपला. माझ्याकडं बघितलं न्हाई, कानाच्या पाळ्या लाल झाल्त्या. उंबऱ्याला ठेचकाळत आत गेला. मी बी आणखी विचारलं न्हाई. चिठ्ठी खिशात ठेवली आन् दोन भाकरी जेवलो, त्याला दिसंल असा बसून.

सकाळी आंघोळ करून फोटोवाल्याकडं गेलो. तो म्हणला, सांगा बाबा तारीख. मी म्हणलं, ‘जन्म’ एवढं लिही आन् म्होरं मोकळं सोड. तो म्हणला, वाईट दिसतं, आधारवरची टाकू का. मी म्हणलं, “टाकू नको. आमच्या जावयाला तारखेत खोटं बिलकुल खपत न्हाई.” त्यानं तसाच छापला. मंग काच बसवून चौकटीचे खिळे ठोकून होईस्तोवर मी तिथंच स्टुलावर बसून राह्यलो, माझ्या माघारी कोणी ती जागा भरू न्हाई म्हणून.